एल्डरबेरी: झाड माणसाहून उंच, फळाचा पत्ता नाही. उद्या छाटू का?

निफाडी | ८ मार्च २०२५, रात्री ११.४०

मंडळी, नमस्कार. कात्रीला धार लावून ठेवली आहे, उद्या रविवार आहे, हवा बरी आहे. हात लावण्याआधी म्हटलं इथे विचारावं, कारण दोन वर्षं झाली, काहीतरी चुकतंय.

मी ओहायोत डेटनजवळ राहतो. घरामागे पूर्वेच्या कुंपणाला दोन एल्डरबेरी (काळ्या-जांभळ्या बारीक दाण्यांचे घोस येणारं झुडूप) लावल्या आहेत, एक ॲडम्स आणि एक यॉर्क. नर्सरीवाल्याने सांगितलं होतं की दोन वेगळ्या जाती शेजारी असल्या की फळ चांगलं धरतं, म्हणून जोडी आणली. एप्रिल २०२२ ची लागवड. जमीन चिकण आहे, पण छपराच्या पन्हळीचं पाणी त्याच बाजूला उतरतं, त्यामुळे ओल भरपूर.

वाढीबद्दल तक्रार नाही. जुलैत दोन्ही झाडं माझ्या डोक्यावरून दोन फूट वर जातात. पान असं काळंभोर हिरवं की शेजारी थांबून विचारतात. पण फूल? जुलैअखेर एकदम शेंड्याला दोन-तीन पांढऱ्या छत्र्या येतात, त्यांचे दाणे पिकेपर्यंत सप्टेंबर संपत येतो, आणि जे काही पिकतं ते रॉबिन पक्षी नेतात. दोन वर्षांत माझ्या तोंडी एक दाणा नाही. आणि आमच्या कॉलनीबाहेर नाल्याच्या कडेला एक जंगली एल्डरबेरी आहे, तिला कोणी पाणी देत नाही की खत, ती ऑगस्टमध्ये फळाने वाकलेली असते. बघून जीव जळतो.

आता छाटणीचं. आम्ही निफाड तालुक्यातले, द्राक्षवाले. आप्पांना व्हिडिओ कॉलवर झाड दाखवलं तर ते म्हणाले, "काडी आहे ना? मग खरड छाटणी कर बिनधास्त. छाटलं की फुटतं, फुटलं की घड." म्हणून २०२३ च्या मार्चमध्ये दोन्ही झाडं जमिनीपासून अर्ध्या फुटावर साफ केली. २०२४ च्या मार्चमध्ये परत. फूट तर अशी जोरात येते की विचारू नका. घड मात्र जिरतोय.

यंदाही छाटू का? की खताचं काही कमी पडतंय? लॉनला जे दाणेदार खत टाकतो तेच थोडं यांनाही पडतं.

---

सुपारीचं_खांड | ९ मार्च, सकाळी ७.०५

आमच्या न्यू जर्सीत बायकोने एल्डरबेरी लावली होती, दुसऱ्या वर्षी हरणांनी खराट्यासारखी करून ठेवली. त्या जागी आता कपडे वाळत घालायचा दांडा आहे. त्याला फळ येत नाही, पण हरणंही येत नाहीत. तुम्हाला शुभेच्छा.

---

कराडच्या_बाई | ९ मार्च, सकाळी ८.२०

निफाडी, कात्री खाली ठेव आधी. मग वाच.

तुला तू म्हणते, राग मानू नकोस. माझा मुलगा तुझ्याच वयाचा असेल. मी कराडला सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. २०१२ पासून लेकीकडे मिझुरीत कोलंबियाजवळ असते आणि इथे माझी नऊ झाडं आहेत. मिझुरी म्हणजे एल्डरबेरीचं निफाडच म्हण.

तुझे आप्पा बरोबर आहेत, पण अर्धेच. तू त्यांना अर्धंच विचारलंस. द्राक्षाच्या छाटण्या किती? दोन. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. एप्रिलमध्ये खरडल्यावर जी नवी काडी फुटते, ती उन्हाळ्यात पिकते, तिच्या डोळ्यात घड तयार होतो, आणि त्याच काडीवर ऑक्टोबरनंतर द्राक्ष दिसतं. बरोबर? आता मला सांग, एखाद्याने एप्रिलमध्ये खरड छाटणी केली, काडी छान तयार झाली, आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करायच्या ऐवजी पुन्हा खालपासून खरडलं, तर त्याच्या बागेत काय लागेल? तू दोन वर्षं तेच करतो आहेस. घड जिरत नाहीये बाबा, तू तो मार्चमध्ये कचऱ्याच्या पिशवीत भरून रस्त्यावर ठेवतो आहेस.

ॲडम्स आणि यॉर्क या जुन्या जाती. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हाच्या प्रयोगकेंद्रातून आलेल्या, ॲडम्स १९२६ ची आणि यॉर्क १९६४ ची. त्यांचं खरं पीक गेल्या वर्षीच्या काडीवर आणि तिच्या आडव्या फुटव्यांवर येतं. यंदा जमिनीतून आलेल्या नव्या फुटीला फूल येतच नाही असं नाही, पण ते थोडं, शेंड्याला आणि उशिरा. तू लिहिलं आहेस ना, जुलैअखेर दोन-तीन छत्र्या? तीच ती. जुन्या काडीवरची फुलं जूनमध्ये येतात. तुझ्या नाल्याकाठच्या झाडाला कोणी कात्री लावत नाही, म्हणून ते वाकलंय. बाकी काही गुपित नाही त्यात.

तो जमिनीलगत कापायचा प्रकार आहे, नाही असं नाही. पण तो वेगळ्या जातींचा. इकडे मिझुरीत सापडलेली बॉब गॉर्डन म्हणून जात आहे, तिला दर हिवाळ्यात भुईसपाट केलं तरी नव्या फुटीवर भरपूर फळ येतं. मळेवाले तर गवत कापायच्या यंत्राने एका दिवसात सगळं साफ करतात, म्हणजे काढणीही एकदम येते. इंटरनेटवरचे व्हिडिओ बहुतेक त्यांचे. बघणारा जात विचारत नाही आणि सांगणारा सांगत नाही.

आता उद्याचं, म्हणजे आजचं काम. झाडाजवळ जा आणि नुसतं बघ. सगळ्या काड्या एकाच वर्षाच्या असतील, सरळसोट, फांदी न फुटलेल्या, सालीवर बारीक पुरळ उठल्यासारखे ठिपके. पेन्सिलीपेक्षा बारीक असतील त्या जमिनीलगत काढ. एकमेकींवर घासणाऱ्यांपैकी एक काढ. थंडीने शेंडा वाळला असेल तर जिवंत डोळ्यापर्यंत खाली कापून घे. एका झाडाला सहा ते आठ जोरकस काड्या राहू देत. बस. पुढे दर हिवाळ्यात ज्यांचे तीन हंगाम पूर्ण झाले त्या काड्या मुळातून काढायच्या, त्यांची साल खरबरीत, राखाडी होते, फांद्या फार फुटतात आणि घोस बारीक येतात. म्हणजे झाडात कायम एक, दोन आणि तीन वर्षांच्या काड्यांचं मिश्र कुटुंब राहतं. आजी, आई, लेक. आजीला निरोप द्यायचा, लेकीला हात लावायचा नाही.

आणि अर्ध्या फुटाचे खुंट ठेवू नकोस. द्राक्षाचा ओलांडा (कायम ठेवतात ती आडवी फांदी) नाही हा, त्याचा काही उपयोग नाही. खुंट कुजतो आणि किड्याला घर मिळतं. कापायचं ते जमिनीलगत.

एक काम कर, गंमत म्हणून. कापलेली एक काडी उभी चिरून बघ. आत पांढराशुभ्र, बोटाने दाबला तर दबणारा गाभा दिसेल. बाशिंगाचं भेंड पाहिलं आहेस ना, अगदी तसा. मी शाळेत विद्युतप्रभार शिकवताना रेशमी दोऱ्याला भेंडाची गोळी टांगायची, काचेची कांडी रेशमावर घासून जवळ न्यायची, गोळी आधी धावत यायची आणि चिकटून लगेच लांब पळायची. मुलं हसायची. जुन्या युरोपातल्या उपकरणांमध्ये त्या गोळ्या एल्डरच्या गाभ्याच्या असत, हे मला साठी उलटल्यावर या अंगणात कळलं. पहिली काडी चिरली आणि कितीतरी वेळ ती हातात घेऊन बसले होते. असो.

खताचं नंतर लिहिते, नातीला शाळेच्या नाटकाच्या तालमीला सोडायचंय.

---

निफाडी | ९ मार्च, दुपारी २.१५

बाई (शाळेतल्यासारखंच म्हणतो), हे वाचून मी अक्षरशः कपाळावर हात मारला. द्राक्षवाल्याच्या पोराला हे कळू नये! आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तू मला जात सांगितलीस का? थॉमसनची छाटणी आणि शरदची छाटणी एक असते का?" म्हणजे चूक माझीच.

आता पाहणीचा अहवाल. ॲडम्सला अकरा काड्या, यॉर्कला नऊ. तीन-तीन बारीक काढल्या. काडी चिरली, गाभा तुम्ही म्हणता तसाच. माझ्या सहा वर्षांच्या मुलीने सगळा कोरून काढला आणि आता तिला त्याची बासरी हवी आहे.

पण यॉर्कच्या एका जुन्या खुंटाजवळ भोक दिसलं. शिसपेन्सिल जाईल एवढं. खाली ओला भुसा पडलाय. आणि दुसरं, गेल्या उन्हाळ्यात कुंपणाच्या बाजूच्या पानांच्या कडा वाटीसारख्या वळल्या होत्या, मला वाटलं उन्हाने. ते काय?

---

कराडच्या_बाई | ९ मार्च, रात्री ९.३०

बासरी करून दे, पण तोंडात घालू देऊ नकोस. हे गमतीने सांगत नाहीये. एल्डरची पानं, काड्या, साल, मुळं आणि कच्ची हिरवी फळं, सगळ्यात असं द्रव्य असतं ज्यातून पोटात गेल्यावर सायनाइड सुटतं. पोरांनी पोकळ काडी फुंकणीसारखी वापरू नये ती याचसाठी. सुकलेली असो की ओली, तोंडात नाही.

भोक म्हणजे खोडकिडा. खुंट कुजला, कीड तिथे घुसली. इकडे एक भुंगा आहे, निळ्या धातूसारखा चमकणारा आणि पाठीवर पिवळाधमक पट्टा. इतका देखणा की मारवत नाही. त्याची अळी खोडातून मुळाकडे पोखरत जाते. औषध मारत बसू नकोस, आत पोचत नाही. भोकाच्या खाली कापत जा, इंच-इंच, जोवर गाभा स्वच्छ पांढरा दिसत नाही तोवर. तपकिरी रेघ दिसतेय म्हणजे अजून खाली. कापलेलं कंपोस्टात टाकू नकोस, पिशवीत बांधून बाहेर. झाड मरत नाही याने, बाजूने नवं फुटतं.

पानं वाटीसारखी वळली ते उन्हाने नाही. तू जे लॉनचं दाणेदार खत टाकतोस, त्याच्या पिशवीवर तणनाशक मिसळलंय का बघ. रुंद पानांचं तण मारणारं औषध रुंद पानाच्या झाडाला कसं ओळखणार? एल्डरबेरीची मुळं उथळ असतात आणि बुंध्यापासून लांब पसरतात, तू लॉनला टाकलंस म्हणजे तिला टाकलंस. ते बंद. नुसतं खतही इतकं नत्राचं नको, म्हणूनच पान काळंभोर. वसंतात पानं फुटताना बुंध्याभोवती दोन घमेली कंपोस्ट पसर, वर चार इंच लाकडाच्या चिपांचं आच्छादन, खोडाला चिकटू न देता. गवत तीन फुटांच्या आत येऊ द्यायचं नाही. आणि खुरपं खोल घालू नकोस, मुळं वरच आहेत. हाताने उपट.

पाणी आठवड्याला साधारण इंचभर, पाऊस धरून. पन्हळीचं पाणी चालेल, पण पावसानंतर दोन दिवस तिथे तळं साचून राहत असेल तर चर काढून दे. ओल आवडते, चिखलात उभं राहणं नाही. लहान झाडाची मुळं कुजतात.

आमच्याकडे जूनअखेरीपासून जपानी भुंगेरे येतात, हिरवे-तांब्यासारखे, पानांची जाळी करतात. मी पहाटे सहाला, ते गारठलेले असताना, साबणाच्या पाण्याचा डबा खाली धरते आणि फांदी हलवते. नातीला पैशाला दहा असा दर लावलाय, या वर्षी वाढवून मागतेय.

---

एल्बकाठचा | १० मार्च, पहाटे ४.५०

हॅम्बुर्गहून. इथे उत्तर जर्मनीत शरदात या फळाचं गरम सूप करतात, फ्लीडरबेरनझुपं, त्यात सफरचंदाच्या फोडी आणि रव्याचे उकडलेले गोळे. पहिल्यांदा ताट समोर आलं तेव्हा जांभळ्या पाण्यात पांढरे गोळे बघून मला वाटलं कढीगोळे चुकले. आता थंडी सुरू झाली की मीच करतो.

आमची युरोपातली जात वेगळी, पण तीही मागच्या वर्षीच्या काडीवरच फळते, त्यामुळे बाईंना दुजोरा. शेजारच्या ऐंशीच्या आजी मात्र झाडाला हात लावण्याआधी काहीतरी पुटपुटतात. विचारलं तर म्हणाल्या, होलुंडरपुढे (एल्डरचं जर्मन नाव) टोपी काढायची असते, अशी जुनी रीत आहे. शेजारच्या डेन्मार्कमध्ये तर या झाडात एक म्हातारी राहते, तिची परवानगी घेतल्याशिवाय फांदी तोडायची नाही, अशी समजूत होती. आपल्याकडे तिन्हीसांजेला तुळस तोडत नाहीत, तसलंच.

बाई, एक विचारतो. फुलांचं सरबत तुम्ही करता का? इथे मे-जूनमध्ये लिंबू-साखरेच्या पाण्यात फुलं भिजवून करतात.

---

कराडच्या_बाई | १० मार्च, सकाळी ८.००

करते, पण फुलाची छत्री तोडली तर फळ गेलं, हे लक्षात ठेवून. नऊ झाडं आहेत म्हणून परवडतं. जाड हिरवे देठ काढून टाकायचे, फक्त फुलं.

फळाच्या बाबतीत माझी फजिती सांगते म्हणजे निफाडी सावध राहील. पहिलं मोठं पीक आलं तेव्हा मला वाटलं, हे म्हणजे कोकमच. रंग तोच, आंबटपणा जवळपासचा. मूठभर घोस देठांसकट मिक्सरमध्ये फिरवला, गाळला, साखर, जिरं, सैंधव घातलं आणि मोठा पेला प्यायले. तासाभरात पोटात असं ढवळायला लागलं की न्हाणीघरातून बाहेर यायची सोय राहिली नाही. लेक घाबरली, विष-माहिती केंद्राला फोन लावला. त्यांनी काय, किती, देठ होते का, असं एकेक शांतपणे विचारलं आणि मला दिवसभर नजरेखाली ठेवायला सांगितलं. सायन्स टीचर मी! लाज वाटली.

मग वाचलं. ऑगस्ट १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात माँटरे भागात एका ठिकाणी २५ लोक जमले होते. त्यांनी जंगली एल्डरबेरीची फळं पानं-फांद्यांसकट चेचून कच्चा रस केला. ११ जण आजारी पडले, ८ जणांना हेलिकॉप्टरने इस्पितळात न्यावं लागलं. ज्याने फक्त पिकलेली फळं घेऊन शिजवली असती त्याला काही झालं नसतं.

म्हणून माझे नियम: घोस पूर्ण काळा झाल्यावरच काढायचा, एक हिरवा दाणाही आत जाऊ द्यायचा नाही, देठ नाही, आणि उकळल्याशिवाय तोंडात नाही. उकळून गाळायचं म्हणजे बियाही जातात. आणि काचेच्या बरणीत बंद करून फडताळात ठेवायचं नाही. कोकमाच्या आगळाइतकं हे आंबट नाही. अमेरिकन एल्डरबेरीचा पीएच ४.६ च्या वरही जातो, तिथे घरच्या बरणीत जीवघेणे जिवाणू वाढू शकतात. फ्रीझर. डोकं लावायचं नाही, फ्रीझर.

सर्दी पळते, प्रतिकारशक्ती वाढते, हे मला विचारू नका. मी दालचिनी-लवंग घालून करते कारण मला आवडतं.

---

तिसरा_मजला_कोथरूड | १० मार्च, दुपारी १२.४०

फार छान धागा. पुण्यात गच्चीवर ड्रममध्ये येईल का? कोणी येताना एखादी काडी आणली तर?

---

कराडच्या_बाई | १० मार्च, रात्री १०.१०

उन्हाची अडचण नाही म्हणणार मी, ही फ्लोरिडात रानात वाढते. पण काडी सामानात घालून आणायची नाही. परदेशातून लागवडीची काडी न्यायची तर भारताचा आयात परवाना आणि इथलं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि ते उगाच नाही, खोडकिड्याची अळी त्याच काडीत बसून येईल. तुमच्या गच्चीवर फालसा लावा. त्याची छाटणी दर हिवाळ्यात खालपासून केली तरी नव्या फुटीवर फळतो. निफाडीला जे हवं होतं ते.

---

निफाडी | १५ जून २०२५, रात्री ९.००

धागा वर काढतोय.

झाडं पांढरी झाली आहेत. पांढरी म्हणजे लग्नातल्या मांडवासारखी. ॲडम्सवर मोजल्या, एकेचाळीस छत्र्या, काही माझ्या तळहाताहून मोठ्या. मुलगी रोज सकाळी खाली उभी राहून डोक्यावर फुलं पडतात का बघते. यॉर्कचा भोकवाला खुंट तुम्ही सांगितल्याप्रमाणे कापला, जमिनीच्या खाली दोन इंच जावं लागलं तेव्हा कुठे पांढरा गाभा दिसला. त्याच्याच बाजूने दोन नवे कोंब.

लॉनच्या पिशवीवर तणनाशक लिहिलेलं होतं. अगदी बारीक अक्षरात, पण होतं.

मार्चमध्ये काढलेल्या बारीक काड्यांपैकी चार मी टाकल्या नाहीत. द्राक्षाची काडी लावतात तशा, खाली तिरका काप, तीन पेरं मातीत, डोळ्यांची एक जोडी वर, अशा कुंडीत खोचल्या. चारही फुटल्या. आप्पा म्हणाले, आपल्या बागेत द्राक्षाचं कलम ज्या डॉगरिज खुंटावर बांधतात तो मूळचा अमेरिकेतलाच आहे, आता तू तिकडे काडी रुजवतोस, फिटंफाट.

पक्ष्यांचं काय करू? जाळी टाकली तर रॉबिन अडकतात.

---

कराडच्या_बाई | १६ जून, सकाळी ७.४५

एकेचाळीस! शाब्बास.

पूर्ण झाडावर जाळी नको. बारीक जाळीच्या पिशव्या मिळतात, आहेराची पाकिटं ठेवायच्या झिरझिरीत पिशव्या असतात ना तशा, मोठ्या मापाच्या. दाणे हिरव्याचे जांभळे व्हायला लागले की निवडक घोसांना बांध. डाळिंबाला बांधतात तशा. सगळ्यांना नको, खालचे पक्ष्यांना राहू दे. त्या पिशवीने फळमाशीही थोडी अडते. इकडे एक ठिपकेवाली फळमाशी आहे जी न कुजलेल्या, नुकत्या पिकलेल्या फळातच अंडी घालते, म्हणून पिकल्यावर झाडावर ठेवायचं नाही. घोस पिकला की स्वतःच्या वजनाने उलटा लोंबतो आणि त्याचे देठ लालसर होतात. दर तीन दिवसांनी फेरी मार, सगळे एकदम पिकत नाहीत.

आणि दाणे हाताने सोडवत बसू नकोस, दिवाळी येईल. अख्खे घोस ताटात पसरून फ्रीझरमध्ये रात्रभर. सकाळी बादलीत घालून हलव. साबुदाणा ओतल्यासारखा आवाज येतो, दाणे खाली, देठ वर.

---

निफाडी | ३१ ऑगस्ट २०२५, संध्याकाळी ६.३०

साडेनऊ पौंड! दोन झाडं मिळून. पक्ष्यांचं वेगळं.

साबुदाण्याचा आवाज आला, मुलगी बादली सोडायला तयार नव्हती. काल सगळं उकळलं, गाळलं, निम्मं फ्रीझरमध्ये. निम्म्याचा पाक केला, आलं, लवंग, गूळ घालून. गूळ ही माझी अक्कल. चव अशी की जांभूळ आणि काकवी यांच्या मधलं काहीतरी. बायको म्हणाली धिरड्याबरोबर चालेल, आणि चाललं.

आता एकच अडचण. ज्या स्टीलच्या पातेल्यात फळं धुतली आणि शिजवली, त्याला आतून पाण्याच्या रेषेवर हिरवट, मेणासारखा चिकट थर बसलाय. साबण, गरम पाणी, चिंच, राख, सगळं झालं. घासणी चिकटून बसली. पातेलं आईने लग्नात दिलेलं आहे. उपाय?

---

कराडच्या_बाई | ३१ ऑगस्ट, संध्याकाळी ७.१०

खाण्याचं तेल लाव, कोरड्या पातेल्याला. कोणतंही. पाच मिनिटं ठेव, कागदाने पूस, मग साबण. निघेल.

हिरवे दाणे राहिले होते तुझ्या घोसात. पुढच्या वेळी फळं आधी पाण्यात टाक, हिरवी आणि पोकळ तरंगतात ती काढून घे.

---

निफाडी | ३१ ऑगस्ट, रात्री ८.०२

निघालं. शेंगदाणा तेल.

---

सुपारीचं_खांड | ३१ ऑगस्ट, रात्री ११.१५

बायकोने हा धागा वाचला. कपड्यांचा दांडा काढायला सांगितलाय. हरणांसाठी कुंपण किती उंच लागतं?